नकाशाआधीचं काम

घर बांधायचं ठरलं की पांढुर्णा-सौसरकडे पहिला निरोप मिस्त्रीला जातो. मिस्त्री येतो, प्लॉट पाहतो, टेप लावतो आणि पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, बाजूला दोन खोल्या, कोपऱ्यात जिना असा आराखडा फक्कीनं जमिनीवरच आखून देतो. या मिस्त्र्यांच्या हातात मोठं कसब आहे आणि आपल्या भागातली बहुतेक घरं त्यांनीच उभी केली आहेत. पण काही निर्णय फक्की पडण्याच्या कितीतरी आधी घ्यावे लागतात. जमिनीखाली काय आहे, वैशाखातली दुपार कोणत्या भिंतीवर उतरते, कापूस कुठे भरायचा, पंधरा वर्षांनी या घरात कोण राहणार? हे प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत, तर त्यांची चुकीची उत्तरं सिमेंटमध्ये पक्की होऊन बसतात.

आर्किटेक्टचं काम या प्रश्नांपासून सुरू होतं, आणि घरमालकाचंही. पुष्कळांना वाटतं की आर्किटेक्ट म्हणजे बाहेरून सुंदर दिसणारा दर्शनी भाग काढून देणारा माणूस. प्रत्यक्षात घरमालक आपल्या जगण्याबद्दल जेवढं खरं आणि नेमकं सांगतो, तेवढाच नकाशा चांगला होतो. हे सांगणं कसं करायचं, ते या प्रकरणात पाहू.

आर्किटेक्ट कोणाला म्हणायचं

भारतात १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते. नोंदणी क्रमांकाची सुरुवात 'सीए' या अक्षरांनी होते आणि तो विचारायला संकोच वाटण्याचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं, की हा कायदा उपाधीला संरक्षण देतो. इमारतींची आखणी करायला इतरांना मनाई करत नाही. म्हणून नकाशे काढणारे पुष्कळ भेटतील. त्यातला प्रशिक्षित कोण, हे पाहण्याची जबाबदारी घरमालकावर येते.

आर्किटेक्टबरोबर आणखी एक माणूस लागतो, तो म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर. खोल्या, उजेड, वारा आणि वावर यांची मांडणी आर्किटेक्ट करतो. पाया किती खोल, कॉलम केवढा, सळई किती हे इंजिनिअर ठरवतो. ठेकेदार या दोघांच्या नकाशांवरून बांधतो. एकच माणूस ही तिन्ही कामं 'पॅकेज'मध्ये करून देतो म्हणाला, तर कामावर नजर ठेवणारं दुसरं कोणी उरत नाही, हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडचे बरेच लोक आर्किटेक्ट शोधायला नागपूरला जातात, आणि ते स्वाभाविकही आहे. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौसर या तहसिलींचा नवा पांढुर्णा जिल्हा झाला. भाषा, सोयरिक आणि बाजार नागपूरचा. कायदा मात्र भोपाळचा. नागपूरच्या आर्किटेक्टला महाराष्ट्राची नियमावली तोंडपाठ असते, पण इथे मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२ लागू होतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावं: तुम्ही मध्य प्रदेशात काम केलं आहे का, आणि नगरपालिकेची मंजुरी तुमच्याकडून होणार की इथल्या कोणाकडून?

एका जिल्ह्यात दोन तऱ्हांची जमीन

पांढुर्ण्याच्या बाजूला दख्खनचा काळा बेसाल्ट आहे आणि त्याच्यावर कापसाची काळी माती. सौसर तहसिलीत याच्यापेक्षा कितीतरी जुने खडकही वर येतात. भूशास्त्रात त्या खडकांच्या समूहाला 'सौसर' हेच नाव आहे आणि मध्य भारतातलं मँगनीज याच समूहातून निघतं. त्यामुळे पाच-सात कोसांच्या अंतरावर पायाखालची जमीन पार बदललेली असू शकते.

काळी माती पिकाला चांगली, पण पायासाठी अवघड. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण पाहतोच. हीच हालचाल घराखालीही होते. पाया उथळ असेल तर घराचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. अशा भेगा दर वर्षी लांबी भरून बुजवल्या, तरी पुढच्या पावसाळ्यात त्या पुन्हा उघडतात, कारण दुखणं खाली आहे.

यावर उपाय आहेत. काळ्या थराखाली मुरूम किंवा खडक जवळच असेल, तर तिथपर्यंत पाया न्यावा. थर खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले अंडररीम्ड पाइल घालता येतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. पायाभोवतीची काळी माती काढून मुरूम भरणं आणि घराभोवती उताराचा पक्का पट्टा करणं हेही महत्त्वाचं, कारण मातीतला ओलावा जेवढा कमी बदलेल, तेवढी ती कमी हलेल. यातलं काय योग्य, ते प्लॉटवर दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन माती पाहिल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. शेजाऱ्याचा पाया पाच फूट होता म्हणून आपलाही पाच फूट, हा हिशेब धरू नये.

छज्जा दोन फुटांचाच का

पांढुर्णा साधारण २१.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या एका आकड्यावरून घराचा बराच भाग ठरवता येतो.

२१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य इथे दक्षिणेकडे ४५ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर त्याची सावली बरोबर दोन फूट खाली येते. चार फूट उंच खिडकीच्या खालच्या निम्म्या भागातून हिवाळ्याचं कोवळं ऊन आत येतं. एप्रिलच्या मध्यावर सूर्य दुपारी ७८ अंशांवर चढलेला असतो आणि तोच छज्जा नऊ फुटांहून लांब सावली देतो. म्हणजे खिडकी पूर्ण सावलीत जाते. मे महिन्याच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत तर माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो आणि दक्षिणेची भिंत भर दुपारी सावलीतच राहते. कोणतंही यंत्र न लावता एक छज्जा हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देतो.

पश्चिमेला मात्र हा उपाय चालत नाही. दुपारी चारनंतर सूर्य इतका खाली असतो की तो छज्ज्याखालून सरळ भिंतीवर येतो. पारा ४३-४४ अंशांवर असताना तापलेली ती भिंत रात्री झोपायच्या वेळी उष्णता आत सोडते. म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणी, धान्याची खोली असा कमी वावराचा भाग ठेवावा आणि निजायच्या खोल्या पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे न्याव्या. पश्चिमेला कडुनिंब लावायचा असेल तर तो भिंतीपासून पुरेसा दूर लावावा. काळ्या मातीत झाडाची मुळं ओलावा ओढतात आणि पायाखालची माती आकसते.

सगळ्यांत जास्त ऊन छपरावर पडतं. कवेलूच्या घरात फटींतून गरम हवा निघून जायची. पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत धग देत राहतो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केली, तर फरक उघड जाणवतो. कूलरवर दर वर्षी खर्च करण्यापेक्षा हा खर्च एकदाच करणं शहाणपणाचं.

आर्किटेक्टला काय सांगायचं

'तीन बेडरूम, हॉल, किचन' एवढं सांगून बहुतेक लोक थांबतात. यातून खोल्यांची संख्या कळते, घर कळत नाही. त्याऐवजी वर्षभरात घरात काय काय घडतं, ते महिन्यांच्या क्रमानं सांगावं.

दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येतो आणि भाव मिळेपर्यंत तो कुठेतरी भरून ठेवावा लागतो. आज तो बैठकीत किंवा रिकाम्या खोलीत भरला जातो. नव्या घरात त्यासाठी वेगळी जागा हवी: गाडी मागे लावता येईल अशी, स्वयंपाकघरापासून दूर, आणि विजेचा बोर्ड व वायरिंग खोलीच्या बाहेर असलेली, कारण कापसाला एक ठिणगी पुरते. हीच खोली पश्चिमेला घेतली, तर बाकीच्या घराला ती उन्हाचा आडोसाही देते. ज्यांच्याकडे संत्र्याची बाग आहे त्यांना आंबिया बहराच्या तोडणीत आणि पुढे मृगाच्या बहरात क्रेट, मजूर आणि व्यापारी यांच्यासाठी सावलीची ओसरी लागते. पोळ्याला बैलजोडी दारात पूजेला उभी राहते, म्हणून पुढची जागा आणि पायऱ्या त्या हिशेबानं ठेवाव्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार असते. त्या दोन दिवसांत घरात वीस पाहुणे असू शकतात. त्यांच्यासाठी वर्षभर रिकामी राहणारी खोली बांधण्याची गरज नाही. ओसरी आणि बैठक यांच्यामध्ये रुंद घडीचं दार ठेवलं की दोन्ही मिळून एक मोठी जागा होते.

मग घरातल्या माणसांची यादी करावी: नाव, वय, सकाळी उठण्याची वेळ, आवडीची जागा. आजीला रात्री दोनदा उठावं लागतं, तर तिची खोली तळमजल्यावर आणि न्हाणीला लागून हवी. न्हाणीचं दार तीन फुटी, भिंतीला धरायला दांडा आणि जमिनीवर घसरणार नाही अशी फरशी. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, तो परत येणार की सुटीपुरता येणार, यावर पहिला मजला आज बांधायचा की फक्त त्याची तयारी ठेवायची हे अवलंबून आहे.

एक गोष्ट मी आग्रहानं सांगतो. आर्किटेक्टबरोबरच्या बैठकीत घरातल्या बायका हजर असल्या पाहिजेत आणि त्यांनी बोललं पाहिजे. अनेक घरांत नकाशा बैठकीत उलगडला जातो, पुरुष तो पाहतात आणि चहा आतून येतो. ज्या जागेत ती बाई दिवसाचे सहा-आठ तास उभी राहणार आहे, तिच्या ओट्याची उंची, भांडी घासायची जागा, पाणी तापवायची मागची चूल, पापड-कुरडया वाळवायला गच्चीवर जाणारा सोयीचा जिना हे सगळं दुसऱ्याच कोणी ठरवतं. हे अन्यायाचं आहे आणि त्यातून घरही वाईट होतं. आर्किटेक्टनं स्वतःहून "वहिनी, तुम्ही सांगा" म्हटलं पाहिजे, आणि त्यानं म्हटलं नाही तर घरच्यांनी म्हणावं.

वास्तुशास्त्र पाळायचं असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगावं. देवघर कुठे, स्वयंपाक कोणत्या कोपऱ्यात, दार कोणत्या दिशेला या अटी आधी कळल्या तर त्यांच्यासकट चांगली मांडणी करता येते. नकाशा पक्का झाल्यावर आलेल्या अटी मात्र उजेड, वारा आणि पैसा तिन्ही खातात.

सेवाग्राम आणि बेलापूर

दोन उदाहरणं जाऊन पाहण्यासारखी आहेत. पहिलं वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. आज जिला बापूकुटी म्हणतात, ती मुळात मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली झोपडी होती. माती, बांबू, लाकूड, कवेलू असं आसपास मिळणारं साहित्य, खाली उतरलेलं छप्पर आणि भोवती पडवी. वर्ध्याचं ऊन आपल्यासारखंच. तिथे मे महिन्याच्या दुपारी पडवीत बसलं की छपराच्या खालच्या कडेचं मोल समजतं. आपण मातीचं घर बांधणार नसलो, तरी भिंतीला ऊन लागू न देणं हा त्यातला विचार काँक्रीटच्या घरातही आणता येतो.

दुसरं नवी मुंबईतल्या बेलापूरचं. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात तिथे लहान घरांची वसाहत आखली. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, प्रत्येकाचा प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. भिंत स्वतःची असल्यामुळे कुटुंबाला पुढे आपलं घर वाढवता येईल, हा कोरियांचा हिशेब होता. पुढे लोकांनी खरोखरच घरं वाढवली; काहींनी तर मूळ घर पाडून मोठं बांधलं. घर वाढणार हे गृहीत धरून पहिला नकाशा काढावा लागतो, हा धडा आपल्या गावांना तंतोतंत लागू पडतो. वरचा मजला दहा वर्षांनी चढवायचा असेल, तर त्याचा भार धरूनच आज पाया आणि कॉलम मोजावे लागतात, आणि जिना अशा ठिकाणी घ्यावा लागतो की वरचं बिऱ्हाड खालच्यांच्या बैठकीतून न जाता वर जाऊ शकेल.

जुनं घर पाडण्याआधी

गावातल्या जुन्या घरांत सागवानाचे खांब, मयाली, दारं आणि चौकटी आहेत. घर पाडायला घेतलं की हे लाकूड भंगाराच्या भावानं विकलं जातं. त्याआधी आर्किटेक्टला जुन्या घरात एक दिवस आणावं. कोणती चौकट नव्या घरात बसेल, कोणत्या मयालीचा झोपाळा किंवा जिन्याचा कठडा होईल, ते तो पाहील. चांगले कवेलूही फेकू नयेत. लॉरी बेकर यांनी भारतात लोकप्रिय केलेल्या फिलर स्लॅबमध्ये स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट फारसा भार घेत नाही तिथे, सळयांच्या मधल्या चौकोनांत कवेलू ठेवतात. सिमेंट वाचतं, वजन कमी होतं आणि उष्णताही थोडी अडते. पण असा स्लॅब इंजिनिअरच्या नकाशाशिवाय घालायचा नाही.

विटांचाही विचार व्हावा. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख जवळच असल्यानं फ्लाय अॅशच्या विटा या भागात वापरात आहेत. मातीच्या विटा घ्यायच्या, तर भट्टीतून नीट भाजलेल्या निवडून घ्याव्या. या निवडीत वाहतुकीचा खर्च सगळ्यांत आधी मांडावा, कारण ट्रकभाड्यानं स्वस्त माल महाग होतो.

कागद आणि करार

आर्किटेक्टकडे जाताना खसरा, बी-१, पटवारी नक्शा आणि रजिस्ट्रीची प्रत घेऊन जावं. शेतजमिनीवर घर बांधायचं असेल तर डायव्हर्शन लागतं. ते मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम ५९ खाली होतं, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर भूमिस्वामीला स्वतः आकारणी काढून रक्कम भरण्याची सोय झाली आहे. गावातल्या आबादीतल्या घरांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतले अधिकार अभिलेख उपयोगी पडतात, बँकेच्या कर्जालाही. शहरात नगरपालिकेची आणि गावात ग्रामपंचायतीची परवानगी घेऊनच खोदाई सुरू करावी.

आर्किटेक्टचं मानधन बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत किंवा चौरस फुटाच्या दरानं ठरतं आणि टप्प्याटप्प्यानं द्यायचं असतं: कच्ची मांडणी, पक्का आराखडा, मंजुरीचे नकाशे, कामाचे तपशीलवार नकाशे, बांधकाम, पूर्णता. यातला चौथा टप्पा लोक पैसे वाचवायला गाळतात आणि तिथेच नुकसान होतं. मंजुरीच्या नकाशात खोल्या दिसतात. दाराची पट्टी, पाण्याचा पाइप, विजेचा पॉइंट, न्हाणीचा उतार हे तपशीलवार नकाशातच असतं. ते नसेल तर ठेकेदार आपल्या सवयीनं करतो.

साइट भेटींबद्दलही आधीच लिहून घ्यावं. आर्किटेक्ट ठरावीक टप्प्यांवर येऊन पाहतो. रोज उभं राहून देखरेख करणं हे त्याचं काम नसतं, त्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळा पगार लागतो. पाया खोदून झाल्यावर, सळई बांधून झाल्यावर आणि स्लॅब टाकण्याआधी अशा तीन भेटी तरी करारात असाव्या. सळई आणि पाइप झाकले जाण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवावे. वीस वर्षांनी भिंत फोडायची वेळ आली तर तेच कामाला येतात.

नकाशा समजत नाही म्हणून गप्प बसू नये. आर्किटेक्टनं दिलेला आराखडा पूर्ण मापात प्लॉटवर फक्कीनं आखून घ्यावा, त्यात खाट ठेवावी, दाराच्या जागी उभं राहून पाहावं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा बाय साडेसहाचा पलंग ठेवला की एका बाजूला चार फूट आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन फूट उरतात. कपाट त्यातच आलं, तर वावरायला काय उरतं, ते जमिनीवर उभं राहिल्यावर लगेच कळतं. या टप्प्यावर भिंत सरकवायला एक रुपयाही लागत नाही.

हंगामाशी जुळलेलं वेळापत्रक

आपल्याकडे घराचं काम शेतीच्या वर्षाशी बांधलं तर सोपं जातं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आर्किटेक्टची निवड करावी. पावसाळाभर नकाशावर काम चालावं, आणि याच काळात त्याला एकदा तरी पावसात प्लॉटवर न्यावं. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, रस्त्यापेक्षा प्लॉट किती खाली आहे हे कोरड्या दिवसांत कळत नाही. १०० चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी जमतं. ते टाकीत, विहिरीत की बोअरजवळच्या खड्ड्यात सोडायचं, तेही तेव्हाच ठरवावं.

दिवाळीनंतर जमीन सुकते, तेव्हा पाया घ्यावा. कापूस आणि आंबियाची संत्री विकून पैसा हातात येतो तोही याच दिवसांत, म्हणून ठेकेदाराचे मोठे हप्ते तिथे जुळवता येतात. स्लॅब फेब्रुवारीपर्यंत पडावा, असा प्रयत्न हवा. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. उष्ण, कोरड्या हवेत ते अनुक्रमे दहा आणि चौदा दिवस ठेवण्याची शिफारस आहे. आज बाजारात बहुतेक मिश्र सिमेंटच मिळतं. मे महिन्यात नळाला पाणी नसताना चौदा दिवस स्लॅब भिजवणं किती जड जातं, हे ज्यांनी केलं आहे त्यांना माहीत आहे.

म्हणजे घर हातात यायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि त्यातले पहिले चार-पाच महिने नुसते बोलण्यात, मोजण्यात आणि खोडून पुन्हा काढण्यात जातात. घरच्यांना ते महिने वाया गेल्यासारखे वाटतात. शेजारचा प्लिंथ वर आलेला असतो आणि आपल्याकडे अजून कागदच फिरत असतात. तरीही ते महिने द्यावेत. आयुष्यभराची कमाई ज्या वस्तूत घालायची, तिच्याबद्दल सगळ्या घरानं एकत्र बसून विचार करण्याची तेवढीच एक वेळ मिळते, आणि त्या वेळी केलेल्या बदलाला सिमेंट लागत नाही.